दामोदर हरि चापेकर
दामोदरपंत हे चिंचवडचे. जन्म सन १८६९. वडील कीर्तनकार. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग लवकरच पुण्यास पोहोचला. हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. सक्ती तिची नव्हे, घरझडतीची झाली. प्लेगकमिटीचे मुख्य रँडसाहेब ह्यांच्या हुकुमाने गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरत व संशयितांस बळेच इस्पितळात नेत. रोग्यास वेगळे ठेवणे अवश्यच होते, असे आम्ही मानितो. परंतु लोकांस विश्वासात घेतले नाही, हा दोष लहान नव्हे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरपंतांनी रँडसाहेबांवर गोळी झाडली. ते ३ जुलैस वारले. हा खूनच होय. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरपंतांस येरवड्यास फाशी झाली. १८९९ च्या मे महिन्यात बाळकृष्ण व वासुदेव हे धाकटे बंधूही फासावर गेले.