विश्लेषण : गिरणी कामगारांच्या पाच मागण्या आणि नारायण मेघाजी लोखंडे… रविवारची सुट्टी कशी मिळाली, जखमी कामगाराचे काय झाले?

रविवार आला की समाजमाध्यमांवर एक संदेश फिरतो. भारताला रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असा त्याचा आशय. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सुट्टी ही लोखंडे यांच्या पाच मागण्यांपैकी एक होती. उरलेल्या चार मागण्या कामाचे तास, विश्रांती, पगार आणि कामावर झालेली दुखापत यांच्याशी निगडित होत्या. त्यातल्या काही कायद्यात उतरायला पुढे अर्धशतक लागले. लोखंडे कोण होते, त्यांच्या काळी मुंबईच्या गिरण्यांत नेमके काय चालत होते आणि त्या मागण्यांचे पुढे काय झाले, याविषयी…

नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, माळी समाजातले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण फार पुढे गेले नाही. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली. त्यानंतर मुंबईतील मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते भांडारपाल म्हणून लागले. कामगार वेळेवर आला नाही तर काय होते, पगार कसा कापला जातो, यंत्रात हात अडकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोण विचारतो, हे त्यांनी तिथे रोजच्या रोज पाहिले.

महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र आर्थिक अडचणीमुळे चालेनासे झाले. तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले. गिरणी कामगारांच्या हालअपेष्टा मराठीतून सातत्याने मांडणारे व्यासपीठ त्यातून उभे राहिले.

त्या काळच्या गिरण्यांत काम कसे चालत असे?

मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्याची हालचाल कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये सुरू केली. पुढच्या तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकण, देश आणि घाटावरून आलेली माणसे चाळींत दाटीवाटीने राहू लागली.

गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी कामाचा दिवस सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस थोडा लहान आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत लांबलेला असे. जेवणाची सुट्टी जेमतेम अर्धा तास, तीही सर्वांना नीट मिळेच असे नाही. अनेक जण यंत्राशेजारीच भाकरी खात. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, सणावाराला मिळेल तेवढीच. रविवारी कापड निघाले नाही तरी यंत्रे पुसायला कामगारांना बोलावले जाई.

हवेचा प्रश्न वेगळाच होता. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमटपणा लागतो, त्यामुळे खिडक्या बंद ठेवण्याकडे कल असे. कापूस पिंजताना उडणारी धूळ त्या कोंदट हवेत तरंगत राही. वाफेच्या इंजिनावरून निघालेले पट्टे डोक्यावरून फिरत. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा मोकळे केस त्यात सापडले, तर सोडवायला वेळ मिळत नसे. लहान मुलेही याच खात्यांत काम करत.

पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. तो कित्येक आठवडे मागे ठेवला जाई. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज वाढत राही. कामावर घेणे, काढणे, रजा देणे हे जॉबरच्या हातात. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचे काम जाण्याची भीती कायम असे.

कायदा नव्हता का?

होता, पण तोकडा. मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी प्रयत्न केले. अखेर १८८१ मध्ये देशातला पहिला कारखाना कायदा आला. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि किमान १०० माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे आणि अपघात कळवायचे, एवढीच त्यातील मुख्य बंधने. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

या कायद्यामागे एक राजकारणही होते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तिथले कारखाना कायदे पाळावे लागत. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना डोईजड होऊ लागले होते. त्यामुळे भारतातही निर्बंध यावेत, असा दबाव तिथल्या गिरणीमालकांनी आणला. याच कारणाने इथल्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. देशी उद्योग मारण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लँकेशायरच्या हेतूबद्दल त्यांचा संशय खोटा नव्हता. पण मागणी करणाऱ्याचा हेतू स्वार्थी असला, म्हणून बारा-तेरा तास उभ्या असलेल्या कामगाराचा थकवा खोटा ठरत नाही. लोखंडे यांनी नेमकी हीच बाजू धरली आणि त्यामुळे मालक व बरेचसे सुशिक्षित पुढारी या दोघांशीही त्यांचे मतभेद झाले.

१८८४ मध्ये काय घडले?

कायद्यात सुधारणा हव्यात का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये पुन्हा आयोग नेमला. अशा आयोगांपुढे तोवर बोलायचे ते मालक, व्यवस्थापक, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी. लोखंडे यांनी कामगारांनाच बोलते करायचे ठरवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला दिले. याच हालचालीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष लोखंडे.

निवेदनातील पाच मागण्या अशा होत्या :

१. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती.

३. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

४. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.

५. कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी.

आज या मागण्या अगदी साध्या वाटतात. पण पाचवी मागणी त्या काळी मोठीच होती. यंत्रात हात गेला तर ते कामगाराचे नशीब किंवा निष्काळजीपणा, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. अपघाताची जबाबदारी कारखान्याचीही आहे, हे या मागणीतून पुढे आले.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

आयोगाचे काम झाले, अहवाल आला, तरी सरकार हलले नाही. लोखंडे यांनी सभा, ‘दीनबंधु’मधील लेखन आणि सरकारकडे पुन्हा निवेदने असा पाठपुरावा सुरू ठेवला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत त्यांनी बोलावलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषण केले. साप्ताहिक सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली.

इथे समाजमाध्यमांवरील संदेशाची दुरुस्ती करायला हवी. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी त्याआधीपासून होती. १० जूनचा निर्णय मुंबईच्या गिरण्यांपुरता होता, संपूर्ण देशासाठी नव्हे. पण अंगमेहनत करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस हक्काची विश्रांती हवी, हे एवढ्या मोठ्या उद्योगाने कामगारांच्या दबावाखाली मान्य केले, हे त्याचे खरे मोल.

त्याच वर्षी भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला आणि त्याच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतले. आयोगाच्या अहवालानंतर १८९१ चा कायदा आला. त्याने कामावर घेण्याचे किमान वय नऊ केले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली.

बाकीच्या मागण्यांचे काय झाले?

त्यांचा हिशेब असा. पहिल्या दोन मागण्यांना कायद्याचे रूप मिळायला १८८४ पासून सात वर्षे लागली. दरम्यान गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. दिवस आणखी लांबला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली, म्हणजे २७ वर्षांनी. कामावरील दुखापतीची भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, ३९ वर्षांनी. पगार ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन घालणारा कायदा १९३६ मध्ये आला, तब्बल ५२ वर्षांनी. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी किती जण तो पाहायला उरले असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाच मागण्यांत दुखापत आहे, पण धूळ नाही. तुटलेले बोट सर्वांना दिसते, निकामी होणारे फुप्फुस दिसत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या श्वसनविकाराला आज बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्या दिवशी छाती भरून येणे, ही त्याची ओळखीची खूण. वर्षानुवर्षे अशा धुळीत काम केले तर श्वास कायमचा आखडतो. अपघाताची नोंद करण्याची सक्ती १८८१ मध्ये आली, पण व्यवसायजन्य आजार कायद्याच्या नजरेत यायला कितीतरी उशीर लागला.

लोखंडे यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

त्यांची संघटना आजच्या अर्थाने कामगार युनियन नव्हती. वर्गणी भरणारे सभासद नव्हते, निधी नव्हता, लेखी नियमावली नव्हती. संप हे तिचे हत्यार नव्हते. अर्ज, सभा आणि वृत्तपत्र यांवरच तिची भिस्त होती. सरकारशी त्यांचा व्यवहार सहकार्याचा होता, त्यांना रावबहादूर हा किताबही मिळाला. त्यामुळे काही अभ्यासक त्यांना कामगार नेत्यापेक्षा समाजसुधारक मानतात. मात्र ज्या काळी कामगारांना संघटनेचा कायदेशीर हक्कच नव्हता, त्या काळी हजारो सह्या गोळा करणे ही छोटी गोष्ट नव्हती. म्हणूनच भारतीय कामगार चळवळीचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो.

त्यांचे काम गिरणीपुरतेही नव्हते. विधवांच्या केशवपनाविरोधात मुंबईतील न्हाव्यांना संघटित करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा राणीच्या बागेत एकोप्यासाठी सभा घेणाऱ्यांत ते होते.

त्यांचा शेवट कसा झाला?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. अंधाऱ्या, दाटीच्या वस्त्यांत तो वेगाने पसरला आणि गिरणी कामगारांनी गावाची वाट धरली. लोखंडे शहरातच राहिले. रुग्णांसाठी रुग्णालय उभे करण्यात ते गुंतले आणि त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचेही निधन झाले. लोखंडे यांच्या स्मरणार्थ २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले.

आज हे का आठवायचे?

गिरणगावात आता भोंगे वाजत नाहीत. पण प्रश्न तेच आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याची व्याप्तीही कामगारसंख्येवर ठरली : वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा, न वापरणाऱ्या ठिकाणी वीस. त्याखालची असंख्य छोटी वर्कशॉप, घरोघरी चालणारे काम आणि नाक्यावरचा मजूर बाहेरच राहिला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित व निरोगी कार्यस्थळाला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यांत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात यायचा बाकी असल्याचे दाखवून दिले.

रविवारची सुट्टी घेताना लोखंडे यांची आठवण जरूर काढावी. त्यासोबत त्यांची पाचवी मागणीही लक्षात ठेवावी. आपल्या ओळखीच्या एखाद्या मजुराला उद्या कामावर इजा झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याच्या घरी पगार येईल का? या प्रश्नाचे उत्तर आजही अनेक घरांत नाही असेच आहे.