संत जाँ-मारी व्हियाने आणि त्यांचे लॅटिनचे गुरु

फ्रान्स देशांत लिआँ शहराजवळ दार्दियी नांवाचें एक गांव आहे. तेथें ८ मे १७८६ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं संत जाँ-मारी व्हियाने ह्यांचा जन्म झाला. आज ख्रिस्तसभा त्यांस पॅरिश-धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून वंदन करते. परंतु लॅटिन भाषा ही त्यांच्या वाटेंत केवढी धोंड होऊन बसली होती, व ती दूर करण्यास कोणाचे हात लागले, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेंच आम्ही येथें सांगणार आहों.

१७८९ सालीं राज्यक्रांति झाली. पुढें चर्चें बंद पडलीं व धर्मगुरूंस लपून फिरावें लागलें. १७९९ सालीं जाँ-मारीनें प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला तोहि एका खाजगी घरांत, खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या करून. अशा काळांत शाळेचें शिक्षण कितीसें मिळणार? शेतींतला हात कमी होईल म्हणून बापाचाहि त्यास धर्मगुरु करण्यास विरोध होता. एकुली गांवचे धर्मगुरु फादर शार्ल बाले आपल्या निवासांत मुलांस शिकवीत. त्यांच्याजवळ तो गेला तेव्हां विशीचा झाला होता.

बरोबरचे विद्यार्थी वयानें लहान व बुद्धीनें तल्लख. ह्यास स्वभाषेचेंहि व्याकरण येत नसे, मग लॅटिनचीं विभक्तिरूपें कशीं टिकावीं? आम्हीहि सेमिनरींत तीं रूपें घोकलीं आहेत. तीं काय कष्ट देतात हें आम्ही जाणतों. मातियास लोरास नांवाच्या एका मुलानें त्यास शिकवितांना कंटाळून एकदां तोंडांत मारली. वयानें मोठ्या जाँ-मारीनें गुडघे टेकून उलट त्याचीच क्षमा मागितली, आणि तो मुलगा रडूं लागला. हाच लोरास पुढें अमेरिकेंत डुब्यूक येथील पहिला बिशप झाला. निराश होऊन घरीं परत जाण्याचें जाँ-मारीच्या मनांत आलें, तेव्हां बाले ह्यांनीं त्यास जाऊं दिलें नाहीं. १८०६ सालीं तो ला लूव्हेस्क येथें संत फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या कबरीपर्यंत भिक्षा मागत पायीं गेला, व परत येऊन पुन्हां पुस्तक घेऊन बसला.

पुढें सैन्यभरतीच्या संकटांत कांहीं काळ अज्ञातवासांत गेला. १८१२ सालीं व्हेरिएर येथें व १८१३ सालीं लिआँच्या सेमिनरींत त्याचें शिक्षण चाललें. पण लिआँस पाठ लॅटिनमध्यें होत व ते त्यास कळेनात. अखेर त्यास घरीं पाठविण्यांत आलें. बाले ह्यांनीं त्यास पुन्हां जवळ घेतलें व ईश्वरज्ञानशास्त्र फ्रेंच भाषेंत शिकविलें. लिआँस लॅटिन परीक्षेंत तो घाबरला व नापास झाला. तेव्हां बाले स्वतः वरिष्ठांकडे गेले. त्यांच्या विनंतीवरून एकुली येथेंच त्याची फ्रेंचमध्यें परीक्षा झाली, आणि त्याचीं उत्तरें समाधानकारक ठरलीं. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोब्ल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

एकुलीसच ते बाले ह्यांचे साहाय्यक झाले. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार मिळतांच त्यांच्यापुढें प्रथम गुडघे टेकले ते वृद्ध बाले ह्यांनीं! १८१७ च्या डिसेंबरांत हे गुरु वारले. १८१८ सालीं व्हियाने सुमारें २३० वस्तीच्या आर्स गांवीं गेले व ४ ऑगस्ट १८५९ रोजीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिले. पापनिवेदनासाठीं दूरदूरचे लोक येत व ते दिवसाचे सोळा सोळा तास बसून ऐकत. १८२४ सालीं त्यांनीं मुलींसाठीं मोफत शाळा काढली. पोप अकरावे पायस ह्यांनीं १९२५ सालीं त्यांस संतपद दिलें.

लॅटिन व्यर्थ आहे, असा ह्याचा अर्थ मुळींच नव्हे. व्हियाने ह्यांनीं जन्मभर मिस्सा लॅटिनमध्येंच अर्पण केली. परंतु शिष्याचें अडतें तें भाषेंत कीं समजुतींत, हें बाले ह्यांनीं नीट पारखलें, आणि जो जसा शिकूं शकतो तसें त्यास शिकविलें. लिआँच्या निकालावर ते थांबले असते तर आर्सला हा धर्मगुरु लाभला नसता. आपल्याहि पॅरिशमध्यें वर्गांत मागें बसणारीं मुलें आहेत. आईबापांनीं व शिक्षकांनीं त्यांस मठ्ठ म्हणून टाकून देण्यापूर्वीं फादर बाले ह्यांचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंति.