शिलाई मशीनच्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर का चालत नाही? उत्तर दडलंय निकोला टेस्लाच्या गोष्टीत

पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेत ब्लाऊज शिवणारी एखादी ताई कारखान्यातलं जुनं शिलाई मशीन विकत घेते. टेबलाखाली अर्ध्या अश्वशक्तीची क्लच मोटर असते. पाय जरा टेकला की सुई सुसाट सुटते. बोट सुईखाली जायची भीती वाटते. मग कुणीतरी सुचवतं, पंख्याचा रेग्युलेटर लावा. तो लावला की मशीनचा जोर जातो, मोटर तापते आणि कधीकधी जळतेही. असं का होतं, हे समजायला ही मोटर शोधणाऱ्या माणसाकडे जावं लागतं.

निकोला टेस्लाचा जन्म १८५६ साली आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावात झाला. वडील धर्मगुरू होते. ऑस्ट्रियात ग्राझला शिकत असताना त्यानं वर्गात एक विजेचं यंत्र पाहिलं. त्याच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडत होत्या. ब्रशशिवाय मोटर चालवता येईल, असं टेस्लाला वाटलं. प्राध्यापकांनी ते अशक्य ठरवलं.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत फिरताना त्याला उत्तर सापडलं. मोटरच्या वेगवेगळ्या कॉइलना एसी करंट थोडा मागेपुढे दिला, तर चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागतं. मधला लोखंडी रोटर त्याच्या मागे धावतो. ना ब्रश, ना ठिणगी. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनीही हेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधलं होतं.

१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला आला. काही महिने एडिसनकडे नोकरी केली, ती सोडली. पुढे पोटासाठी खड्डे खणायची वेळ आली. मे १८८८ मध्ये त्याला मोटरची पेटंट मिळाली आणि त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस कंपनीनं ती घेतली.

पण पिट्सबर्गला मोटर कामाला लावताना वाद झाला. वेस्टिंगहाऊसची वीज सेकंदाला सुमारे १३३ सायकलची होती. टेस्लाच्या मोटरला ६० सायकल मानवत होत्या. कारण सोपं आहे. क्षेत्र किती जोरात फिरणार, हे विजेच्या सायकलवर आणि मोटरमधल्या चुंबकीय ध्रुवांच्या संख्येवर ठरतं, व्होल्टेजवर नाही. शेवटी कंपनीनंही ६० सायकलच स्वीकारल्या.

टेस्लाच्या पेटंटवर उभ्या राहिलेल्या एसी यंत्रणेनं १८९५ पासून नायगाऱ्याच्या धबधब्यावर वीज तयार होऊ लागली. पुढे जगभर जलविद्युत केंद्रं उभी राहिली. रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, भिऱ्याला टाटांचं वीज केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं.

आपल्याकडे वीज ५० सायकलची. म्हणून दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि रोटर थोडा मागे, २,८०० च्या आसपास राहतो. चार ध्रुवांची मोटर साधारण १,४०० ते १,४५० फेरे घेते. रेग्युलेटरनं व्होल्टेज कमी केलं तरी क्षेत्र तितकंच फिरतं. फक्त जोर घटतो, आणि व्होल्टेज निम्मं केलं तर तो चौथाईवर येतो. रोटर मागे पडतो, करंट वाढतो, कॉइल तापते. पंख्याचं जमतं, कारण हळू फिरताना हवेचा भार खूपच कमी होतो आणि त्याची मोटर त्याच हिशोबानं बनवलेली असते.

मग उपाय काय? सगळ्यात स्वस्त म्हणजे मोटरवरची पुली बदलणं. चार इंचाची काढून दोन इंचाची बसवली, तर वेग निम्मा होतो आणि सुईचा जोर उलट वाढतो. पट्टा मात्र आखूड घ्यावा लागतो. दुसरा मार्ग चार ध्रुवांच्या मोटरचा. तिसरा सर्वो मोटरचा. तिच्यातला इलेक्ट्रॉनिक भाग हवा तो वेग ठेवतो आणि पाय उचलला की मोटर थांबते. कुठलंही काम करताना आधी प्लग काढावा.

टेस्ला ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटाच वारला. हाताशी फारसा पैसा उरला नव्हता. सर्वो मोटरमध्येही फिरतं ते चुंबकीय क्षेत्रच. सायकल बदलून त्याचा वेग बदलता येऊ लागला, एवढंच.