एक क्षणही वाया न घालवणारा गीतकार



गाण्याची आवड आहे, पण वेळच मिळत नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ही तक्रार आपण अनेकदा ऐकतो, कधी स्वतःही करतो. नोकरी, गाडीची गर्दी, मुलांचा अभ्यास, घरातले आजारपण. यातून गायकवृंदाच्या सरावाला यायचे कधी? आणि मनात घोळणारे एखादे भक्तिगीत कागदावर उतरवायचे तरी कधी?

ज्यांचा सण ख्रिस्तसभा १ ऑगस्ट रोजी साजरा करते, त्या संत आल्फोन्सस लिगोरी यांच्याकडे वेळ आपल्याहूनही कमी होता. आयुष्यातील एक क्षणही वाया घालवणार नाही, असे व्रतच त्यांनी देवापुढे घेतले होते. तरीही त्यांनी गीते रचली. त्यांचे एक नाताळगीत इटलीत आजही घरोघरी गायले जाते. हे त्यांना कसे जमले?

आल्फोन्सस यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी इटलीतील नेपल्सजवळच्या मारियानेल्ला या गावी झाला. वडील आरमारात अधिकारी होते, शिस्तीचे कडक. मुलाला संगीत आलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. रोज तीन तास हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य, वाजवण्याचा सराव चाले. वडील कधी कधी गुरू आणि शिष्य दोघांनाही खोलीत ठेवून बाहेरून दार लावून घेत. तेराव्या वर्षी हा मुलगा एखाद्या उस्तादासारखा वाजवू लागला.

अभ्यासातही ते तितकेच हुशार होते. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि लवकरच वकिली सुरू केली. कामातून मोकळे झाले की ते संगीत ऐकायला नाट्यगृहात जात. त्यांची नजर अधू होती. पडदा वर जाताच ते चष्मा काढून ठेवत. रंगमंचावरचे दृश्य अंधूक व्हावे आणि कानांवर फक्त सूर पडावेत, एवढाच त्यांचा हेतू असे.

१७२३ साली एका मोठ्या खटल्यात त्यांची हार झाली. कागदपत्रांतील एक महत्त्वाचा मजकूर त्यांच्या नजरेतून निसटला होता. त्या धक्क्याने त्यांनी वकिली सोडली. त्याच वर्षी नेपल्सच्या रुग्णालयात रोग्यांची सेवा करत असताना त्यांना देवाची हाक ऐकू आली. कमरेची तलवार त्यांनी पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली. घराण्याचा मोठेपणा मागे टाकून ते १७२६ साली धर्मगुरू झाले.

नेपल्समध्ये हमाल, कारागीर आणि गल्लीबोळांतील गरीब माणसे दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी प्रार्थनेला जमू लागली. आल्फोन्सस त्यांचे सोबती झाले. पुढे अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून ते स्काला या डोंगराळ गावी विश्रांतीसाठी गेले. तेथील शेळ्या राखणाऱ्या लोकांना प्रार्थना शिकवणारे कोणीच नव्हते. विश्रांती बाजूलाच राहिली. ९ नोव्हेंबर १७३२ रोजी त्यांनी अशा उपेक्षित लोकांसाठी रिडेम्प्टोरिस्ट या व्रतस्थ संघाची स्थापना केली.

यानंतर सुमारे तीस वर्षे ते गावोगावी मिशन घेत फिरले. दिवसभर प्रवचने आणि पापनिवेदने, रात्री लेखन. त्यांच्या लहानमोठ्या ग्रंथांची संख्या शंभरावर जाते. डोके असह्य दुखू लागले की एका हाताने थंड संगमरवराचा तुकडा कपाळाशी धरून ते दुसऱ्या हाताने लिहीत राहत.

मग गीतांसाठी वेळ कोठून आला? याचे उत्तर त्यांच्या श्रोत्यांमध्ये सापडते. खेड्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. मोठा ग्रंथ त्यांच्या काय कामाचा? प्रवचन घरी जाईपर्यंत अर्धे विसरले जाई. गाणे मात्र शेतात, चुलीपाशी, पाळण्याजवळ सोबत करी. म्हणून आल्फोन्सस यांनी गाणे हे फुरसतीचे काम मानलेच नाही. त्यांच्या लेखी ते प्रवचनाइतकेच कर्तव्य होते. साधे शब्द, लोकांच्या ओळखीची चाल, दोन-तीन वेळा ऐकून तोंडपाठ होईल अशी रचना. पवित्र मरिया, गव्हाणीतील बाळ आणि क्रूसावरील प्रभू हे त्यांच्या गीतांचे विषय होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध नाताळगीत डिसेंबर १७५४ मध्ये नोला या गावी मिशन चालू असताना रचले गेले, असे परंपरा सांगते. ताऱ्यांच्या लोकातून थंडीने गारठलेल्या गुहेत उतरलेल्या बाळ येशूचे हे गीत आहे. नाताळात डोंगरातले मेंढपाळ पिशवीची सनई वाजवत गावांत येत, त्यांच्या सुरांशी त्याच्या चालीचे नाते आहे. ते रचण्यासाठी आल्फोन्सस रजा घेऊन कोठे एकांतात गेले नव्हते. ऐन कामाच्या धामधुमीतच ते जन्मले. १७६० साली त्यांनी आत्मा आणि येशू ख्रिस्त यांच्या संवादाचे एक युगुलगीत स्वरबद्ध केले. वडिलांच्या हट्टापायी बंद खोलीत घालवलेले ते तास असे देवाच्या कामी आले.

१७६२ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मनाविरुद्ध त्यांना बिशपपद स्वीकारावे लागले. लगेचच दुष्काळ पडला, तेव्हा गरिबांच्या अन्नासाठी त्यांनी स्वतःची घोडागाडीही विकली. १७६८ मध्ये संधिवाताने त्यांची मान कायमची वाकली. हनुवटी छातीत रुतून जखम झाली. तरी लेखणी थांबली नाही. १७७५ साली ते पदमुक्त झाले आणि १ ऑगस्ट १७८७ रोजी पागानी येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, देवाघरी गेले. १८३९ साली त्यांना संतपद मिळाले आणि १८७१ साली ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडित म्हणून गौरवले. त्यांनी लिहिलेली क्रूसाच्या वाटेची भक्ती जगभरातील अनेक धर्मग्रामांत उपवासकाळात केली जाते.

एका वेळी बिशप, लेखक, प्रवचनकार आणि रुग्ण असलेल्या या माणसाने गाण्यासाठी उरलेल्या वेळेची वाट पाहिली नाही. उरलेला वेळ असा कधी उरतच नाही, हे आपण सारे जाणतो. आपल्या आजी-आजोबांनाही तो मिळत नव्हता. लग्नाच्या मांडवात, भाताच्या लावणीत, बाळाला निजवताना त्या गात राहिल्या आणि श्रद्धा आपल्यापर्यंत पोहोचली. ती गीते आज आपल्या किती मुलांना येतात?

या आठवड्यात एवढे तरी करू या. रात्रीच्या प्रार्थनेनंतर टीव्ही लावण्याआधी घरातल्या सर्वांनी मिळून एक भक्तिगीत म्हणू या. आवाज बेसूर असला तरी चालेल. मनात एखादी ओळ आली, तर बसच्या तिकिटामागे का होईना, ती लिहून ठेवू या. आणि गायकवृंदाच्या सरावाला जायला वेळ मिळेल का, असे विचारण्याऐवजी तो वेळ आधीच प्रभूच्या नावाने बाजूला काढू या.

संत आल्फोन्सस, आमच्यासाठी विनंती कर.