आधी झाडू, मग कीर्तन : संत गाडगेबाबा

या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकातले थोरांची ओळख हे सदर आमच्या चौथीच्या वर्गाकडे आले आहे. कोणावर लिहितोस, असे गुरुजींनी मला विचारले. मी पटकन गाडगेबाबांचे नाव सांगितले. तर मुले हसली. मागच्या वर्षी मी काय केले ते साऱ्या वर्गाला माहीत आहे ना, म्हणून. ते मी पुढे सांगणारच आहे, लपवणार नाही. आधी बाबांची माहिती सांगतो.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. हे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. आईचे नाव सखुबाई. जात परटाची. डेबूजी लहान असतानाच त्यांचे वडील वारले. वडिलांना दारूचे व्यसन होते. त्या व्यसनापायी घरची सारी वाताहत झाली. मग सखुबाई डेबूला घेऊन माहेरी आल्या. ते गाव म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे.

मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, गोठा झाडला, नांगर धरला. ते शाळेत कधीच गेले नाहीत. पण शेतीच्या कामात एकदम पटाईत झाले. पुढे त्यांचे लग्न झाले, मुले झाली. त्यांच्या मुलीच्या बारशाची गोष्ट मला फार आवडते. तेव्हा त्यांच्या लोकांत अशी रीत होती की बारशाला दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे. नाही दिले तर भाऊबंद रागावायचे. कितीतरी माणसे त्यासाठी सावकाराचे कर्ज काढायची. डेबूजींनी ती रीत मोडली आणि सगळ्यांना गोड जेवण घातले. पाहुणे आले, जेवले, बारसेही झाले. कर्ज नाही की भांडण नाही. मला वाटते, कार्यक्रम कसा करावा हे बाबांनी पहिल्यांदा आपल्या घरीच करून दाखवले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बाबांनी घर सोडले. बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. अंगात चिंध्यांचा शिवलेला सदरा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात झाडू. आणि डोक्यावर मातीचे एक फुटके गाडगे. कोणी भाकर दिली की त्याच गाडग्यात घ्यायची. पाणीही त्यातच प्यायचे. खाऊन झाले की धुऊन परत डोक्यावर ठेवायचे, म्हणजे उन्हाला टोपीपण झाली. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. हे वाचले तेव्हा मला एकदम सुचले, की बाबा आपले ताट आपल्याच डोक्यावर घेऊन फिरत होते! ते कुठेही जेवले तरी मागे एक पत्रावळसुद्धा उरत नव्हती.

आता ऋणमोचनचे सांगतो. ऋणमोचन हे पूर्णा नदीच्या काठचे गाव आहे. तिथे पौष महिन्यात दर रविवारी यात्रा भरते. खूप माणसे येतात आणि नदीत आंघोळ करतात. त्या काळी नदीत उतरायला धड वाट नव्हती. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरायच्या. यात्रेला आलेला जो तो आपली आंघोळ करून घरी जायचा. बाबांनी तसे केले नाही. ते यात्रेकरूंसाठी राबले. १९०८ साली त्यांनी तिथे घाट बांधला. यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि गोरगरिबांना ते जेवण द्यायला लागले. यात्रा एका दिवसाची असते, पण घाट वर्षभर कामी येतो. हे गुरुजींनी आम्हाला फळ्यावर चित्र काढून समजावून सांगितले.

बाबांचे कीर्तन म्हणजे तर नवलच. माझ्या पणजोबांनी ते पाहिले होते. पणजोबा आता नाहीत. पण त्यांनी आबाजींना सांगितले, आणि आबाजींनी मला सांगितले. बाबा गावात आले की आधी कोणाच्या घरी जायचे नाहीत, चहा मागायचे नाहीत. सरळ रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेले दिसले की ते उपसायचे. पोरे भोवती जमायची. त्यांना वाटे, हा कोणी वेडा आहे. मग मोठी माणसे यायची. कोणीतरी ओळखायचे की अरे, हे तर गाडगेबाबा! मग लाजेने सारे गाव फडे, टोपली, फावडे घेऊन बाहेर पडायचे. दिवस मावळेपर्यंत गाव लख्ख व्हायचे. आणि रात्री कीर्तन कुठे? तर त्याच झाडलेल्या मैदानात.

म्हणजे कीर्तनाची दवंडी वेगळी पिटायलाच नको. झाडू हीच दवंडी. दिवसभर ज्याने हातात झाडू धरला तो रात्री कीर्तनाला येणारच. आणि कीर्तन झाल्यावर तो तिथे घाण कशाला करेल? स्वतः झाडलेली जागा आहे ना ती.

कीर्तनाला मांडव नाही, गाद्या नाहीत, सजावट नाही. लोक भुईवर बसायचे. बाबा आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलायचे. ते एकटेच बोलत नसत. लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोक ओरडून उत्तर द्यायचे. देवापुढे बकरे कापावे का, कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का, जातपात पाळावी का, असे ते प्रश्न असत. उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचे. मग घरी गेल्यावर ते विसरता येत नाही. मुलांना शाळेत घाला, ही गोष्ट तर ते कधीच चुकवत नसत. स्वतः शिकले नव्हते म्हणून त्यांना शिक्षणाची किंमत जास्त कळली, असे आमच्या बाई म्हणतात.

बाबा कोणाला पाया पडू देत नसत. पंगतीत सगळ्या जातीची माणसे शेजारी शेजारी बसली पाहिजेत, यावर त्यांचा कटाक्ष असे. लोक पैसे द्यायचे, पण बाबांनी त्यातला एक पैसासुद्धा स्वतःसाठी ठेवला नाही. त्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ सालची. ती त्यांनी पुढे १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. मूर्तिजापूरला १९२५ साली त्यांनी गोरक्षणाचे काम केले, आणि तिथे धर्मशाळा व शाळाही काढली. बाबा पंढरपूरच्या वारीला जायचे, पण लोक देवळाच्या रांगेत असताना ते चंद्रभागेचे वाळवंट झाडत असत.

आता माझे सांगतो.

मागच्या वर्षी आमच्या गावात सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी काला आणि महाप्रसाद होता. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. आम्हा मुलांकडे पाणी वाढायचे काम होते. थर्माकोलच्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास होते. अशा वस्तूंना आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण त्या कुठून तरी आल्याच. एकेका माणसाने तीन-तीन ग्लास वापरले. पाणी अर्धे प्यायचे, ग्लास टाकायचा, परत नवीन घ्यायचा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गाडगेबाबांचे मोठे चित्र काढलेले आहे. त्या चित्राखालीच उष्ट्याचा ढीग झाला होता.

पंगती उठल्यावर एका काकांनी मला आणि माझ्या दोन मित्रांना ग्लास आणि पत्रावळी पोत्यात भरून खड्ड्यात टाकायला सांगितले. खड्डा लांब होता. आणि मैदानात क्रिकेट सुरू झाले होते. आम्ही ते पोते नाल्याच्या काठी ओतले आणि पळालो.

चार दिवसांनी आमची कालवड चारा खाईना. तिचे नाव चांदणी. तिचे पोट फुगले, रवंथ बंद झाला. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषध दिले, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेली. पोटात प्लास्टिक गेले, असे डॉक्टर बोलले. वरणभाताचा वास लागला म्हणून तिने पत्रावळीसकट खाल्ले असेल. ती नाल्यावरच चरायला जायची. मी दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. मग आजीजवळ रडलो आणि सारे सांगितले. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मारले नाही. नुसते गोठ्यात जाऊन बसले. ते मला मारण्यापेक्षा जास्त लागले. पुढे मी गुरुजींनापण सांगितले, आणि मग वर्गात सगळ्यांना कळले.

म्हणून मी गाडगेबाबांवर लिहितो आहे. आपल्याला वाटते, कार्यक्रम म्हणजे मांडव, माईक आणि जेवण. आरती झाली, जेवण झाले की कार्यक्रम संपला. पण तसे नसते. चांदणीच्या पोटात आमचा कार्यक्रम आणखी चार दिवस चालूच होता. बाबांचा कार्यक्रम सकाळच्या झाडूपासून सुरू व्हायचा. बाबा गाव सोडून जायचे तेव्हा गाव आधीपेक्षा चांगले झालेले असायचे.

बाबांनी आयुष्यभर असेच काम केले. त्यांचे शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झाले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्यानंतर २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी, त्यांनी देह ठेवला. अमरावतीला गाडगेनगरमध्ये त्यांची समाधी आहे. २०००-०१ साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले आहे. जे शाळेत गेले नाहीत त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, हे किती छान!

येत्या २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी आहे. आपल्या शाळेत त्या दिवशी भजन आणि पंगत आहे. गावातल्या सगळ्यांना बोलावले आहे. गुरुजींनी तयारीचे काम तिसरी-चौथीला दिले आहे. आम्ही असे ठरवले आहे :

१) सकाळी आठ वाजता सगळ्यांनी मिळून मैदान आणि शाळेपासून नाल्यापर्यंतचा रस्ता झाडायचा. नाल्याकाठचे प्लास्टिक मी वेचणार आहे.

२) पाण्यासाठी दोन रांजण आणि ओगराळे ठेवायचे. प्रत्येकाने घरून आपला ग्लास किंवा तांब्या आणायचा. ज्याला जमेल त्याने ताटही आणावे.

३) बाकीच्यांसाठी पळसाच्या पानांच्या पत्रावळी. आजी आणि तिच्या मैत्रिणी आम्हाला त्या लावायला शिकवत आहेत. माझ्या पहिल्या पाच पत्रावळी सुटून गेल्या, सहावी टिकली.

४) कोण कोण जेवणार ते एक दिवस आधी घरोघरी जाऊन मोजायचे, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. थोडे वाढायचे, लागले तर परत वाढायचे.

५) उष्ट्या पत्रावळी शाळेच्या खतखड्ड्यात टाकायच्या आणि वर माती लोटायची. पुढच्या पावसाळ्यात ते खत आपल्या झाडांना होईल.

६) भजन झाल्यावर बाबांसारखे प्रश्न विचारायचे. प्रश्न आम्ही विचारणार, उत्तरे गावकऱ्यांनी द्यायची. पहिला प्रश्न मी विचारणार आहे. पुढच्या सप्ताहाला थर्माकोल आणायचे की पळसाची पाने, हा तो प्रश्न.

मोठी माणसे काय उत्तर देतील ते मला माहीत नाही. काही जण हसतीलही. पण बाबांनासुद्धा लोक आधी हसले होते.

तर मित्रांनो, हे वाचून झाले की घरी जाऊन सांगा. २० तारखेला येताना प्रत्येकाने हातात आपला ग्लास आणायचा आहे. डोक्यावर आणला तरी चालेल, मी हसणार नाही.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी