गेओर्ग विल्हेल्म रिखमान

गेओर्ग विल्हेल्म रिखमान (२२ जुलै १७११ – ६ ऑगस्ट १७५३) हे सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीतील बाल्टिक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. वातावरणातील विजेचे मापन करीत असताना त्यांचा मृत्यू झाला.

जीवन व कार्य

रिखमान यांचा जन्म पेर्नाऊ (आजच्या एस्टोनियातील पार्नू) येथे झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच वडील प्लेगने दगावले होते. हाले व येना येथील शिक्षणानंतर ते रशियात आले आणि १७४१ मध्ये अकादमीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. निरनिराळ्या तापमानांचे द्रव मिसळल्यास मिश्रणाचे तापमान किती होईल, हे सांगणारे सूत्र त्यांनी मांडले. विद्युतभार मोजण्यासाठी त्यांनी धातूची पट्टी, तिला लावलेला तागाचा दोरा आणि अंशांची मोजपट्टी असे साधे उपकरण तयार केले. भार वाढला की दोरा पट्टीपासून दूर सरके.

मृत्यू

बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून १७५२ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगानंतर रिखमान यांनी स्वतःच्या घराच्या छपरावर लोखंडी सळई उभारली. तिच्यापासून निघालेली तार घरातील उपकरणापर्यंत आणली होती. या मांडणीत सळई जमिनीशी जोडलेली नव्हती. हा निष्काळजीपणा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भार जमिनीत निघून गेला असता तर मोजायला काहीच उरले नसते. मात्र त्यामुळे आकाशातून आलेल्या विजेला जमिनीकडे जाण्यास सुरक्षित वाट राहिली नाही. इमारतीवरील तडितरक्षकाला भूसंपर्कन, म्हणजे रोजच्या भाषेतले अर्थिंग, अनिवार्य मानतात ते याच कारणासाठी. ते इमारतीच्या विद्युतपुरवठ्याच्या अर्थिंगशीही जोडतात. तसे न केल्यास वीज पडताच दोहोंमध्ये मोठा विद्युतदाब निर्माण होऊन ठिणगी उडू शकते.

६ ऑगस्ट रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार २६ जुलै) ढगांचा गडगडाट ऐकून रिखमान अकादमीतून घरी धावले. प्रयोगाचे चित्र काढता यावे म्हणून त्यांनी उत्कीर्णक इव्हान सोकोलोव्ह यांना सोबत घेतले होते. रिखमान उपकरणाजवळ उभे असताना निळसर अग्निगोल त्यांच्या कपाळावर आदळल्याचे सोकोलोव्ह यांनी सांगितले. कपाळावर लाल डाग उमटला, डाव्या पायातील जोडा फाटला आणि दाराची चौकट दुभंगली. सोकोलोव्ह बेशुद्ध पडले, पण वाचले.

त्यांचे सहकारी मिखाइल लोमोनोसोव्ह यांच्याही घरी असेच उपकरण होते. या मृत्यूचा आधार घेऊन विज्ञानावरच दोष ठेवला जाईल, अशी धास्ती त्यांना वाटली. रिखमान यांच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळावे, म्हणून त्यांनी इव्हान शुवालोव्ह यांना पत्र लिहिले.