कार्डानो : गणित पक्कं, पण डाव?

मेकॅनिकलवाल्यांना 'कार्डन जॉइंट' माहीत असतो. पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो जिरोलामो कार्डानो अट्टल जुगारी होता, हे आपल्या टेक्स्टबुकमध्ये कुठे असतं?

त्याचा जन्म १५०१ चा, इटलीतल्या पाव्हियाचा. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून डॉक्टर होऊनही मिलानच्या वैद्यसंघाने त्याला कित्येक वर्षं दारात उभं केलं नाही. शिकत असताना पैसे संपले की फासे आणि पत्ते! तेव्हाचा 'प्रिमेरो' हा पत्त्यांचा खेळ म्हणजे पोकरचा जुना नातलगच. व्हेनिसमध्ये समोरचा खुणेचे पत्ते वापरतोय हे कळल्यावर कार्डानोने त्याच्या तोंडावर खंजिराने वार केला आणि तिथून सटकला.

मला आवडतो तो त्याचा हिशेब. नशीब, नशीब करत न बसता त्याने शक्यता मोजल्या. दोन फासे ३६ प्रकारे पडतात. त्यात १० ची बेरीज तीनदाच होते: ५-५, ६-४, ४-६. म्हणजे ३ विरुद्ध ३३. तेव्हा १० वर एक नाणं लावलं, तर जिंकल्यावर समोरच्याने ११ द्यावीत, तरच सौदा बरोबरीचा. पोकरमध्ये 'कॉल' करायचा की पत्ते टाकायचे, हे आजही याच रीतीने ठरवतात. त्याने सल्लाही दिला: समोर कोण आहे, बघे कुणाच्या बाजूचे आहेत, फासे कसे आहेत हे आधी पाहा, आणि सगळ्यात जास्त फायदा मुळीच न खेळण्यात आहे.

एवढं कळूनही हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं रोज खेळत राहिला. बायकोचे दागिने गहाण पडले. १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' या बीजगणिताच्या ग्रंथाने त्याचं युरोपभर नाव झालं. पण १५६० मध्ये बायकोला विष घातल्याबद्दल त्याच्या थोरल्या मुलाला मृत्युदंड झाला, आणि १५७० मध्ये धर्मन्यायालयाने खुद्द त्यालाच तुरुंगात टाकलं. १५७६ मध्ये तो रोममध्ये वारला. जुगारावरचं त्याचं पुस्तक छापून आलं थेट १६६३ मध्ये! तोवर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये पत्रांतून हा विषय पुढे नेला होता.

मित्रांनो, प्रोबॅबिलिटीची गणितं आपण सगळेच सोडवतो. पण कार्डानोचं आयुष्य वाचल्यावर मला वाटतं, आकडेमोड हा त्यातला सोपा भाग. उत्तर 'खेळू नकोस' असं आलं की टेबलावरून उठणं, हेच खरं कठीण!